जांभळाचा डाग आणि साबण

ज्येष्ठ लागला कीं नेरळ स्टेशनाबाहेर ठाकर बायका पानांच्या द्रोणांत जांभळें घेऊन बसतात, आणि घरोघरीं मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर त्यांची साक्ष उमटूं लागते. शाळा उघडण्यास दोन दिवस असतां आमच्या नातवानेंही नव्या सदऱ्याची तीच गत करून आणिली. डाग पाहतांच सूनबाईंनीं लिंबू हातीं घेतलें. परंतु चाळीस वर्षें मुलांस शहाणपण शिकविलेल्या माणसास स्वस्थ कसें बसवणार? ‘अगोदर साबण लाव,’ असें मीं अधिकारवाणीनें सांगितलें. तिनें निमूटपणें लावला. तांबूस डाग क्षणार्धांत निळाकाळा झाला, आणि आमच्या मंडळींनीं बोल लाविला तो सूनबाईंस! मी वर्तमानपत्रांत डोकें घालून बसलों. खरा दोषी कोण, हें हा अंक घरीं आल्यावर कळेलच.

जांभळाच्या रसांतील रंग अम्लांत तांबडा राहतो आणि क्षारांत निळसर होतो. साबण व सोडा हे क्षार आहेत. म्हणून ताजा डाग उलट बाजूनें थंड पाण्याच्या धारेखालीं धरावा, नंतर लिंबाचा रस व मीठ लावून थोडा वेळ ठेवावें, चांगलें खंगाळावें, आणि साबणाची पाळी सर्वांच्या शेवटीं आणावी. करवंदासही हाच उपचार. आमचा सदरा दोनदां लिंबू लावल्यावर बराच निवळला. खिशापाशीं फिकी छाया मात्र अद्याप आहे.

हळदीचा डाग साबण लागतांच लालभडक होतो. त्यानें घाबरून जाऊं नये. हा क्षाराचाच गुण. साबण पुरता काढून कापड ओलें असतांनाच कडक उन्हांत पसरावें, कारण हळदीचा रंग प्रकाशांत टिकत नाहीं. पावसाळ्यांत ऊन पडेपर्यंत धीर धरणें हाच उपाय.

वस्त्रागणिक शुद्धि निराळी, हा विचार जुनाच आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत रेशमी व लोकरी वस्त्रांस खारी माती, कांबळ्यांस रिठा, तलम पट्टवस्त्रांस बेलफळ आणि क्षौमवस्त्रांस पांढरी मोहरी सांगितली आहे. आपण मात्र सर्वांस एकच पावडर फांसतों. रेशमास खारी माती हें मला पटत नाहीं. क्षारानें रेशीम निस्तेज होतें. तेथें रिठाच बरा, ज्यास अमरकोशांत ‘फेनिल’ असें सार्थ नांव आहे. हल्लींच्या कित्येक पावडरींत प्रथिनें विरघळविणारें द्रव्य असतें. रक्ताच्या डागावर तें गुणकारी खरें (रक्तास ऊन पाणी कधींही लावूं नये, डाग घट्ट बसतो), परंतु रेशीम आणि लोकर हींही प्रथिनेंच, हें ध्यानांत असावें.

माथेरानांत मोटारींस बंदी, त्यामुळें वर जाणारा मनुष्य पायीं किंवा घोड्यावरून हिंडतो आणि तांबड्या मातीनें रंगून खालीं नेरळास उतरतो. ही माती लोहाच्या गंजानें तांबडी झालेली असते. ओली असतां ती चोळल्यास धाग्यांत शिरते. ती वाळूं द्यावी, झटकावी, ब्रशानें काढावी आणि मगच पाण्यांत घालावी. उरलेल्या छटेस लिंबू व मीठ चालतें. ब्लीचिंग पावडरीनें ती जात नाहीं. आणि लिंबू व ब्लीचिंग पावडर एकत्र तर कदापि करूं नये, त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो. बंद न्हाणीघरांत हें जिवावर बेतूं शकतें.

फणसाचा चीक पाण्यास दाद देत नाहीं. तेथें खोबरेल चोळून चीक सुटूं द्यावा, मग साबणानें तेल काढावें. केळफुलाचा चीक ओला असेल तोंवरच कांहीं आशा. वाळून काळा पडल्यावर तें वस्त्र घरकामास काढावें. आणि बिब्याच्या डागाविषयीं मला कोणीं पत्र घालूं नये. पूर्वीं परीट कपड्यांवर खुणा बिब्यानेंच करीत, त्या जात नाहींत म्हणूनच.