अ जीवनसत्त्व : कमी की पुरेसे?

गेल्या जून महिन्याच्या अखेरीस एका शाळेतील वादविवाद स्पर्धेस परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता, 'अ जीवनसत्त्व कमी असलेला आहार आरोग्यास हितकारक आहे'. विषय वाचून प्रथम मला हसू आले. नावातच जीवन आणि सत्त्व असलेला पदार्थ कमी खावा, असे कोण म्हणेल? परंतु अलीकडे काही मंडळी असे म्हणू लागली आहेत खरी. त्यांच्या मते हे जीवनसत्त्व म्हणजे वस्तुतः एक विष असून ते यकृतात साठत जाते. म्हणून दूध, लोणी, अंडी, गाजर, आंबा, पालेभाज्या हे सारे वर्ज्य करावे, म्हणजे शरीर शुद्ध होते. सातवीतील एका मुलाने ही बाजू इतक्या हिरिरीने मांडली की, माझे हसू केव्हाच मावळले. त्याचे मत मला मान्य नाही. तथापि त्याने सांगितलेल्या गोष्टी खोट्या नव्हत्या, आणि खऱ्या गोष्टींवरूनही चुकीचे अनुमान कसे निघते, हे पाहण्याजोगे आहे.

त्याची पहिली गोष्ट अस्वलाची होती. १५९७ साली विल्यम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीच्या तुकडीतील खलाशी उत्तर ध्रुवाकडील नोवाया झेम्ल्या या बेटावर बर्फात अडकून पडले होते. अन्नाचा तुटवडा होता. त्यांनी एक पांढरे अस्वल मारले व त्याचे यकृत शिजवून खाल्ले. ते खाताच माणसे आजारी पडली. त्यांतील तिघे तर आता हाती लागत नाहीत, असेच सोबत्यांना वाटले. सुदैवाने ते वाचले. पण त्यांच्या अंगाची त्वचा डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. असे का घडले, हे पुढे सुमारे साडेतीनशे वर्षे कोणास उमगले नाही. १९४३ साली रोडाल व मूर या शास्त्रज्ञांनी अस्वलाच्या यकृताची तपासणी केली, तेव्हा त्यात अ जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा आढळला. पांढरे अस्वल सील खाते, सील मासे खातात. अशा रीतीने साऱ्या समुद्राचे जीवनसत्त्व जणू त्या एका यकृतात येऊन साचते.

दुसरी गोष्ट फिनलंड देशातील. ज्या कॅरोटीन नावाच्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते, त्याच्या गोळ्या तेथे धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना देऊन पाहण्यात आल्या. या प्रयोगात एकंदर २९,००० हून अधिक माणसे होती. गोळ्यांमुळे फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो नेमका उलटा : गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले.

तिसरा पुरावा त्याच्या स्वतःच्या मामांचा होता. मामांनी चार महिन्यांपूर्वी हे सारे पदार्थ सोडले आणि त्यांची सांधेदुखी थांबली, त्वचा सुधारली. "प्रत्यक्षास प्रमाण कशाला?" असे विचारून तो खाली बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

विरुद्ध बाजूने बोलणारी मुलगी 'गाजर खा, डोळे सांभाळा' एवढ्यावरच थांबली. तिचे म्हणणे खरे होते. पण खरे म्हणणेही पुराव्यावाचून लंगडे पडते. तिची बाजू मी येथे पुरी करू इच्छितो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्क हा देश लोण्यासाठी प्रसिद्ध होता. गाईंना तोटा नव्हता, दुधाला तोटा नव्हता. परंतु लोणी परदेशी चांगल्या भावाने विकले जाई आणि गरिबांच्या ताटात वनस्पतीच्या तेलाचे बनावट लोणी व साय काढलेले दूध येई. साय गेली की अ जीवनसत्त्वही गेलेच, कारण ते स्निग्ध पदार्थात राहते. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांच्याकडे तेव्हा डोळे कोरडे पडलेली, बुबुळावर फूल पडलेली बालके येऊ लागली. त्यांतील कित्येकांची दृष्टी कायमची गेली. ब्लॉक यांनी अशा मुलांना सायीचे दूध व कॉड माशाच्या यकृताचे तेल देण्यास प्रारंभ केला. आणि ज्यांचे बुबुळ अद्याप नासले नव्हते, ती मुले बरी झाली. पुढे डिसेंबर १९१७ मध्ये सरकारने लोण्याचे शिधावाटप सुरू केले व ते गरिबांस परवडेल अशा किमतीत मिळू लागले. १९१८ साली हा नेत्ररोग जवळजवळ दिसेनासा झाला. ज्या देशाचे लोणी जगभर जात होते, त्याच देशातील मुले लोण्यावाचून आंधळी व्हावीत, ही गोष्ट मला अस्वलाच्या गोष्टीहून अधिक भयंकर वाटते.

डोळ्यांचा आणि या जीवनसत्त्वाचा संबंध काय? आपल्या दृष्टिपटलात एक जांभळट द्रव्य असते. अंधुक प्रकाश पडताच ते पालटते व त्यामुळेच आपल्याला काळोखातही थोडेफार दिसते. हे द्रव्य पुनः तयार होण्यास अ जीवनसत्त्व लागते. ते अपुरे पडले की दिवेलागणीच्या वेळी मूल ठेचकाळू लागते. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. या शोधकार्याबद्दल जॉर्ज वॉल्ड हे १९६७ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

हानी केवळ डोळ्यांपुरतीच असती तरी ती थोडी नव्हती. पण आल्फ्रेड सॉमर या डॉक्टरांना इंडोनेशियात आणखी एक गोष्ट आढळली. किंचित रातांधळी असलेली मुले अतिसाराने व छातीच्या विकारांनी इतर मुलांपेक्षा अधिक दगावत होती. सुमात्रा बेटावरील ४५० खेड्यांत त्यांनी प्रयोग केला. निम्म्या खेड्यांतील बालकांना सहा महिन्यांच्या अंतराने या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्यात आली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या खेड्यांत एक ते पाच वर्षांच्या मुलांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले होते. आज गोवर झालेल्या बालकास जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे हे जीवनसत्त्व देतात, आणि आपल्या देशातही १९७० पासून लहान मुलांना ते तोंडावाटे पाजण्याची योजना आहे.

येथे एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख मुलांवर असाच प्रयोग झाला. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मात्रा घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांच्या मृत्यूंत फारसा फरक आढळला नाही. तेव्हापासून शास्त्रज्ञांत या मोठ्या मात्रांविषयी मतभेद आहेत. मला त्याचा अर्थ असा वाटतो की, जेथे कणगी रिकामी आहे तेथे धान्य ओतल्याने घर वाचते. जेथे ती भरत आली आहे तेथे वरून ओतलेले धान्य बाहेरच सांडते. वाद आहे तो वरून किती ओतावे याचा. कणगी रिकामी ठेवावी, असे मात्र त्यांपैकी कोणीही म्हणत नाही.

आता मामांकडे वळू. सगळे सोडूनही मामा ठणठणीत कसे? याचे उत्तर इंग्लंडमधील शेफील्ड शहरात मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४४ या वर्षांत, तेथे २३ स्वयंसेवकांनी एका प्रयोगासाठी आपली शरीरे देऊ केली. यांतील बहुतेकांनी विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिला होता. पण उपयोगी पडण्यास त्यांचा नकार नव्हता. त्यांतील १६ जणांना अ जीवनसत्त्व जवळजवळ नसलेले अन्न देण्यात आले. काही जण दोन वर्षांहून अधिक काळ त्यावर राहिले. कित्येक महिने कोणासच काही झाले नाही! अखेर अंधारात पाहण्याची शक्ती स्पष्टपणे घटली ती केवळ तिघांची. बाकीचे यकृतातील जुन्या शिलकीवर जगत होते. प्रौढ माणसाच्या यकृताचे कोठार एवढे मोठे असते. मग चार महिन्यांच्या मामांनी कोणता निकाल लागला म्हणावे?

स्पर्धा संपल्यावर मी त्या मुलास जवळ बोलावून विचारले, "मामांनी आणखी काय काय सोडले?" तो आठवून सांगू लागला : बिस्किटे, वडे, मिठाई, बाहेरचे खाणे आणि तंबाखूसुद्धा. "मग यांपैकी नेमके काय सोडल्यामुळे त्यांना बरे वाटले?" यावर तो गप्प राहिला. हा प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता. आणि खरे सांगावयाचे तर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीही तो कोणाच्या मनात आलेला दिसला नाही.

अस्वलाचे यकृत आणि माठाची भाजी यांना एकाच माळेत ओवणे, ही त्याची दुसरी चूक होती. प्राण्यांच्या यकृतात अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात असते. तेच गोळ्यांच्या रूपाने वाजवीपेक्षा अधिक घेतल्यास विषारी ठरू शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अशा गोळ्या कोणीही घेऊ नयेत, याबाबत मी त्याच्याच बाजूचा आहे. पण माठ, मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पपई यांत असते ते कॅरोटीन. शरीर त्यातून गरजेपुरतेच जीवनसत्त्व बनवते. गाजरे अतोनात खाल्ली तर फार तर तळहात पिवळे पडतील. आपल्या आया पालेभाजीस तेलाची फोडणी देतात तीही व्यर्थ नाही. तेलाच्या संगतीने कॅरोटीन चांगले पचनी पडते.

हे सारे ऐकून घेतल्यावर तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मामांच्या सांगण्यावरून घरी धाकट्या बहिणीचेही दूध आणि भाज्या बंद केल्या आहेत. ती तीन वर्षांची आहे." मी क्षणभर काहीच बोललो नाही. तीन वर्षांच्या मुलीच्या यकृताचे कोठार ते केवढेसे. त्यातून ती वाढीस लागलेली, आणि एखाद्या गोवराने वा अतिसाराने तिची शिल्लक पाहता पाहता सरावी! शेफील्डचे स्वयंसेवक प्रौढ होते आणि आपल्या खुशीने उपाशी राहिले होते. तिला तर कोणी विचारलेही नव्हते. संध्याकाळी त्याच्या वडिलांना भेटून हे सर्व समजावून सांगण्याचे मी कबूल केले.

पहिले पारितोषिक मी त्यालाच दिले. अस्वलाची गोष्ट त्याने फारच सुरेख सांगितली होती. पुस्तक काखोटीस मारून तो दारापर्यंत गेला आणि परत फिरून म्हणाला, "गुरुजी, आज तिला आंबा दिला तर चालेल ना?"

"आजच दे," मी म्हणालो, "आंबे संपत आले आहेत."