वार आणि दाखला

गेल्या ज्येष्ठातील गोष्ट. पावसाची पहिली सर येऊन गेली होती आणि मी ओसरीवर पंचांग चाळीत बसलो होतो. इतक्यात एक मुलगा अंगणात येऊन संकोचाने उभा राहिला. त्याचे वडील अठरा वर्षांपूर्वी बिहारातून निघून पनवेल-उरणच्या वाटेवरील आमच्या या जासईस आले व बंदराच्या वाटेवरील एका गोदामात हमालीस लागले. मुलगा बारावी झाला होता आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत त्याने चांगले गुण मिळविले होते. मी पेढे मागितले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, गुण आहेत, पण मी इथलाच आहे, याला कागद नाही."

वास्तविक हा मुलगा याच गावच्या धुळीत वाढला. आमच्या आगरी शेजाऱ्यांची बोली तो माझ्याहून अस्खलित बोलतो. परंतु त्याचा जन्म येथे झाला नाही. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज तुमच्या-आमच्या घरांत आहे तसा त्यांच्यातही आहे. आई माहेरी गेली, तेथे हा जन्मला आणि तीन महिन्यांचा होऊन जासईस परतला. एवढ्या तीन महिन्यांनी त्यास महाराष्ट्राबाहेरचा ठरविण्याची वेळ आणली!

राज्याच्या प्रवेशाचा नियम थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातील म्हणून सर्वसाधारण रीतीने प्रवेश मागणाराने दहावी व बारावी, अगर पदविका, या राज्यातून उत्तीर्ण केलेली असावी. शिवाय त्याचा जन्म तरी येथे झालेला असावा किंवा त्याजपाशी अधिवासाचा दाखला तरी असावा. या दाखल्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. आमच्या मुलाचे वय सतरा, आणि शाळेच्या पटावर नाव चढले ते सहाव्या वर्षी. म्हणजे शाळेचा कागद अकरा वर्षे बोलतो व त्याआधीच्या काळाविषयी मौन धरतो. भाड्याच्या खोल्या दर दोन वर्षांनी बदललेल्या. करारनामा एकाही खोलीचा नाही.

"एवढे एका कागदाचे काय अडले आहे?" असे कोणी विचारील. त्या कागदावर सारा पैशांचा हिशेब अवलंबून आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या घरांतील गुणवान मुलांसाठी प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या शेकडा ५ पर्यंत जास्तीच्या जागा असतात, व त्यांस शिकवणीची फी माफ असते. ती जागा मिळाली नाही तरी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून अशा घरांतील मुलग्यांस शिकवणीच्या निम्म्या फीची भरपाई मिळते. मात्र या दोन्ही सवलती महाराष्ट्रात अधिवास असणारासच आहेत. परप्रांतातून आलेल्या कुटुंबाच्या जातीच्या दाखल्याचाही येथे उपयोग होत नाही. मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली तसाच निर्णय दिला आहे. तेव्हा हमालाच्या मुलास दार एकच उरते, आणि त्या दाराची किल्ली म्हणजे हा अधिवासाचा दाखला.

हे बोलणे चालले असता आमचे एक शेजारी ओसरीवर येऊन बसले होते. ते जरा तीक्ष्ण स्वरात म्हणाले, "गुरुजी, आमच्या जमिनी गेल्या, बंदर झाले, आता आमच्या मुलांच्या जागाही बाहेरच्यांनीच घ्यायच्या का?" त्यांचा प्रश्न टाकाऊ नव्हता. १९८४ च्या जानेवारीत याच परिसरात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लोक उठले आणि गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. ते दुःख या गावाने अद्याप विसरलेले नाही. मी त्यांस एवढेच म्हणालो, "दादा, नियमाबाहेर याला काही द्यावे असे मी म्हणत नाही. नियमाने जे याचे आहे ते कागदावाचून बुडू नये, इतकेच माझे म्हणणे. आपला हक्क कागदावर उतरवून घेण्यास काय मोल पडते, हे जासईकरांस कोणी शिकवावयास नको." ते काही वेळ गप्प राहिले व मग त्यांनीच मुलास चहा देण्यास सांगितले.

बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यास थारा दिल्याने प्रांताचे काय होते, याचे एक जुने उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, परंतु या दृष्टीने आपण ते क्वचितच पाहतो. म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी गावचा एक गरीब मुलगा बंगळूरास दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून १८८१ साली बी.ए. झाला. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्यास आला. पुण्याची ती शाळा १८५४ साली निघालेली; त्या काळी तिला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत आणि २०२२ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. १८८३ च्या परीक्षेत हा परका मुलगा पहिला आला व दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकास रुजू झाला. खडकवासल्याच्या धरणास आपोआप उघडणारी दारे त्याने १९०३ साली बसविली. हेच पुढे भारतरत्न झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरने पैसा दिला, पुण्याने विद्या दिली, आणि त्या विद्येचे पहिले फळ महाराष्ट्रानेच चाखले.

त्या काळी पुण्यात गरीब विद्यार्थी कसे शिकत, हे आपल्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांनी आपणांस सांगितले आहे. सात घरी सात वार लावावयाचे, नाहीतर माधुकरी मागावयाची. अशा मुलांसाठी १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले. आज त्याच संस्थेचे त्याच शहरात अभियांत्रिकी महाविद्यालय चालते. वार देणाऱ्या गृहिणीने मुलास हिशेब विचारला नाही; एक पान अधिक मांडले, इतकेच. परंतु त्या एका पानाने किती घरांचे दैव पालटले! आजच्या मुलास पानाची वाण नाही. वाण आहे ती कोणता कागद, कोठून व केव्हा आणावयाचा, हे वेळेवर सांगणाऱ्या माणसाची.

हे मी मोठेपणाने सांगत नाही. माझ्या पदरी एक चूक आहे म्हणून सांगतो. आमच्या आळीत कलबुर्गीकडून आलेल्या एका गवंड्याची मुलगी मजपाशी संस्कृत शिकावयास येत असे. २०२४ साली ती बारावी झाली. तिचे पुढे काय, हे मी विचारले नाही. विद्यार्थिनी हुशार आहे, ती करील सारे, असे धरून चाललो. कोणा मध्यस्थाच्या सांगण्यावरून बापाने कर्ज काढून केंद्रीय प्रवेशप्रक्रियेबाहेरची, संस्थेच्या स्वतःच्या कोट्यातील जागा घेतली. तशा जागेस फीची सवलत नाही, हे त्यांस पैसे भरल्यावर कळले. दुसऱ्या वर्षाची फी भरणे झाले नाही. आज ती मुलगी एका गोदामात मालाची नोंद करते. रस्त्यात भेटली की "गुरुजी, बरे आहात ना?" असे हसून विचारते, आणि मला मान वर करवत नाही. मी एक प्रश्न विचारला असता, तर?

म्हणून या मुलाच्या वेळी आम्ही दोघे कामास लागलो. आईच्या पेटीत लसीकरणाचे जीर्ण कार्ड निघाले. त्यावर येथल्याच आरोग्य केंद्राचे शिक्के चौथ्या महिन्यापासूनचे. वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी सापडल्या. धाकट्या बहिणीचा जन्म येथलाच, त्याची नोंद ग्रामपंचायतीत होती. शिधापत्रिका व शाळेचा दाखला जोडला. सेतू केंद्राच्या चार खेपा झाल्या, आणि मुदतीस दोन दिवस उरले असता दाखला हाती आला. पसंतीक्रम भरताना फीमाफीच्या जागांचे सांकेतिक क्रमांक वेगळे असतात व ते निराळे भरावे लागतात, हे त्यास ठाऊक नव्हते, तेही भरविले. मुलगा आज एका सरकारी महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकत आहे.

या अनुभवावरून चार गोष्टी सुचवितो. दाखल्यांचे काम निकालानंतर नव्हे, दहावीच्या वर्षीच सुरू करावे. उत्पन्नाचा दाखला त्या त्या वर्षाचा लागतो, हे ध्यानात ठेवावे. दूरच्या नामांकित खासगी संस्थेआधी सरकारी व अनुदानित संस्था पाहाव्या. आमच्या रायगडातच लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आणि बारावीचा भार न पेलणाराने दहावीनंतर पदविका घेऊन पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश घेण्याची वाट कमी समजू नये. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव गोष्टींवर विसंबू नये.

हा प्रश्न परक्यांचाच आहे, असेही कोणी मानू नये. आपली मुले-नातवंडे नोकरीनिमित्त देशभर पसरली आहेत. राष्ट्रीय तंत्रशिक्षणसंस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील मुलांसाठी असतात, आणि राज्य ठरते ते बारावी कोठून झाली यावरून. म्हणजे बंगळूरास बारावी झालेला पुणेकराचा नातू नागपूरच्या संस्थेस परका, आणि आमचा बिहारी मुलगा तेथे महाराष्ट्रीय! कोण इथला व कोण बाहेरचा, हे काळ असे उलटेपालटे करीत असतो.

ज्याच्या येण्यास तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड आपण लहानपणी पाठ केली. अतिथीस तिथी नसते, परंतु प्रवेशास असते, आणि ती टळली की वर्ष जाते. आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई, इमारतीचा रखवालदार, दाराशी भाजी आणणारा, यांच्या घरी दहावी-बारावीचे मूल असेल. येत्या आठवड्यात त्यांस एवढेच विचारावे : "मुलाचे कागद झाले का?" एका घराने एका मुलाचा एवढा वार उचलला तरी पुष्कळ झाले.