‘वायुदूत’चा धडा मराठवाड्याला उमगेल काय?

आष्टी (ता. परतूर, जि. जालना) : १९८१ या वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत दोन घटना घडल्या. २० जानेवारीला ‘वायुदूत’ या सरकारी हवाई कंपनीची स्थापना झाली आणि १ मे रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत परभणी जिल्ह्यात असलेला परतूर तालुका, व त्याबरोबर आष्टी, नव्या जिल्ह्यात आली. जिल्हा टिकला, वाढला. ‘वायुदूत’ मात्र अवघ्या एका तपात संपली. लहान गावांना विमानाने जोडण्याचे आश्वासन आजही नव्या नावाने दिले जात असल्याने या कंपनीचा इतिहास पुन्हा तपासून पाहणे आवश्यक ठरते.

इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया या दोन सरकारी कंपन्यांची संयुक्त उपकंपनी म्हणून ‘वायुदूत’चा जन्म झाला. हेतू निर्मळ होता. ईशान्य भारतातील डोंगराळ भागात रस्ते आणि रेल्वे अपुरी होती; तेथे लहान विमानांनी सेवा द्यावी, असे ठरले. इंडियन एअरलाइन्सकडील फोकर विमानांवर कामाला सुरुवात झाली. पुढे जर्मन बनावटीची १९ आसनी डॉर्निअर विमाने आली आणि त्यांचे उत्पादन हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यात सुरू झाले. देशात तयार झालेल्या विमानातून देशातील लहान गावांना सेवा, ही कल्पना त्या काळी भारावून टाकणारी होती.

विस्ताराची घाई

ईशान्येसाठी जन्मलेली कंपनी काही वर्षांतच देशभर पसरली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या स्थानकांची संख्या शंभराच्या आसपास गेली. महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांतून तिची विमाने उडत. आपल्या मतदारसंघात विमान उतरावे, ही प्रत्येक लोकप्रतिनिधीची इच्छा असते. ती पुरवताना त्या मार्गावर रोज किती प्रवासी मिळतील, हा प्रश्न मागे पडला.

येथेच मूळ दुखणे होते. १९ आसनांच्या विमानालाही दोन वैमानिक लागतात. धावपट्टी, अग्निशमन, हवामानाची माहिती आणि देखभाल यांचा खर्च आसने कमी आहेत म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. साहजिकच प्रत्येक आसनामागील खर्च मोठ्या विमानापेक्षा जास्त पडतो आणि लहान गावातील प्रवाशाची भाडे देण्याची ऐपत मात्र कमी असते. ही दरी कोणी भरून काढायची, याचे स्पष्ट उत्तर ‘वायुदूत’च्या रचनेत नव्हते. सामाजिक कर्तव्य कंपनीवर सोपवले गेले, त्याची किंमत कोणाच्याही खात्यावर नीट लिहिली गेली नाही. तोटा साचत गेला आणि तो गैरव्यवस्थेचा की कर्तव्याचा, हे सांगणेच अवघड झाले.

अपघातांनी विश्वासही डळमळला. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गुवाहाटीजवळ ‘वायुदूत’चे फोकर विमान कोसळले व त्यातील सर्व ३४ जण मृत्युमुखी पडले. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादकडे निघालेले डॉर्निअर उजनी धरणाच्या जलाशयात कोसळले. त्यात ११ जणांचा बळी गेला. महाराष्ट्राच्या स्मरणात ‘वायुदूत’चे नाव या दुर्घटनेशी कायमचे जोडले गेले.

१९९० च्या आखाती संकटाने इंधन महागले, १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याच सुमारास खासगी कंपन्यांना आकाश खुले झाले. १९९३ मध्ये ‘वायुदूत’ इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला आणि दशक संपण्यापूर्वी तिची उरलीसुरली सेवाही थांबली.

नांदेडचा अनुभव

‘वायुदूत’ने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाला २०१६ मधील ‘उडान’ योजनेने काही अंशी उत्तर दिले. निम्म्या आसनांना भाड्याची मर्यादा, कंपनीला तूट भरून देणारे अनुदान, त्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार आणि राज्य सरकारचा वाटा, असा हिशेब प्रथमच कागदावर मांडला गेला. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी योजनेच्या पहिल्या उड्डाणांना प्रारंभ करून दिला. त्यात सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता. मराठवाड्यासाठी तो मानाचा क्षण होता.

हा मार्ग चालवणारी ‘ट्रूजेट’ २०२२ च्या प्रारंभी बंद पडली आणि नांदेडची सेवा खंडित झाली. २०२४ मध्ये ‘स्टार एअर’ने तेथून पुन्हा उड्डाणे सुरू केली, पण मधल्या काळात धावपट्टी असूनही प्रवाशांना पुन्हा रेल्वे आणि रस्त्याचाच आधार घ्यावा लागला.

हा केवळ नांदेडचा अनुभव नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार, योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. त्यातील केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकलेले मार्ग अवघे ५४ होते. ‘वायुदूत’कडे अनुदानाची निश्चित व्यवस्था नव्हती, ‘उडान’मध्ये ती आहे, पण तिला तीन वर्षांची मुदत आहे. मुदतीत मार्ग स्वावलंबी होईल, हे गृहीतक बहुतेक ठिकाणी खरे ठरलेले नाही.

आष्टीला काय हवे?

आष्टीसारख्या गावाच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ काय? येथे विमानतळ होणार नाही आणि व्हावा अशी मागणीही रास्त ठरणार नाही. परंतु उपचारासाठी तातडीने मुंबई गाठणारा रुग्ण, मोसंबीचा व्यापारी किंवा परगावी नोकरी करणारा तरुण यांच्यासाठी जवळचे विमानतळ भरवशाचे असणे महत्त्वाचे आहे. ते छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा असो की नांदेड. भरवसा म्हणजे आज असलेले विमान पुढल्या वर्षीही असणे, आणि परतूर स्थानकातून किंवा एसटीने त्या विमानाच्या वेळेला पोहोचता येणे.

दरम्यान, जमिनीवरील पर्याय वेगाने सुधारत आहेत. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो आणि २०२३ च्या अखेरीस जालना-मुंबई ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. लहान विमानाची खरी स्पर्धा आता या दोहोंशी आहे. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात धावपट्टी मागण्यापेक्षा मराठवाड्याने निवडक मार्ग मागावेत, त्यांना पुरेसा काळ अनुदान मिळावे असा आग्रह धरावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा, हेच शहाणपणाचे ठरेल.

‘वायुदूत’मागील कल्पना चुकीची नव्हती. तिच्या खर्चाची जबाबदारी कोणी उघडपणे स्वीकारली नाही, हे तिचे दुर्दैव होते. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापायला अनेकजण पुढे येतात. तीन वर्षांनंतरच्या तुटीवर सही करायला कोण पुढे येणार, हे आधी ठरले तरच पुढचे विमान टिकेल.