वेंगुर्ल्याचा कचरा आणि नगरपालिकेचे बळ

कोकणातील नगरपालिका म्हणजे नाव शहराचे आणि वस्ती माडा-पोफळीच्या आगरांची, हे वेंगुर्ल्यात गेल्यावर चटकन ध्यानात येते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या जेमतेम साडेबारा हजारांच्या घरात. मुंबईतील एखाद्या गृहसंकुलातही याहून अधिक माणसे सापडावीत. तरीही ही नगरपालिका १८७६ सालची. राज्यातील कित्येक महानगरपालिकांची वये तिच्यापुढे फार कोवळी आहेत.

एवढ्या लहान गावाला इतक्या लवकर नगरपालिका मिळाली ती बंदरामुळे. सतराव्या शतकात डचांची येथे वखार होती. पुढे १८१२ मध्ये बंदर इंग्रजांकडे आले. आंबोली घाटातून बेळगावकडे जाणाऱ्या रस्त्याने घाटावरचा माल येथे उतरत असे. मुरगावला लोहमार्ग पोहोचला आणि हा व्यापार आटला. शंभर वर्षांनी कोकण रेल्वे आली, पण तीही कुडाळ-सावंतवाडीवरून गेली. महामार्गाचेही तेच. वेंगुर्ल्याच्या वाट्याला उरली ती मासळी, काजू, आंबा आणि कोकण कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र. ‘रत्ना’ आंबा आणि ‘वेंगुर्ला’ नावाने ओळखले जाणारे काजूचे वाण ही या केंद्राचीच देणगी.

अशा गावाच्या नगरपालिकेने उत्पन्न आणायचे कोठून? १९९९ मध्ये नगरपालिका क्षेत्रातील जकात रद्द झाली. तेव्हापासून घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारातील गाळ्यांचे भाडे आणि शासनाचे अनुदान यांवरच गाडा चालतो. घरपट्टी वाढवावी तर मतदार मोजके आणि सारेच एकमेकांच्या ओळखीचे!

या पार्श्वभूमीवर २०१५ नंतर वेंगुर्ल्यात जे घडले ते खरोखर थक्क करणारे होते. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने घरातच कचरा वेगवेगळा करण्याची सवय लावण्यात आली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार होऊ लागला, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात गेले. कचरा डेपो ही नाक दाबून ओलांडायची जागा न राहता लोक पाहायला येऊ लागले. त्यासाठी अवाढव्य यंत्रसामग्री लागली नाही. मिसळलेला कचरा उचलायचाच नाही, हा एकच आग्रह रोज, न कंटाळता धरला गेला.

मात्र कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. मुख्याधिकारी हा शासनाचा अधिकारी. त्याची बदली होणारच. कोकरे यांचीही झाली. अधिकाऱ्याने लावलेली शिस्त टिकवायची कोणी? अर्थातच निवडून आलेल्या नगराध्यक्षांनी आणि नगरसेवकांनी. नेमके हेच पद पुढे रिकामे राहिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबत गेल्या. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले असताना वेंगुर्ल्यासह राज्यातील नगरपालिकांचा कारभार सुमारे चार वर्षे प्रशासकांच्या हाती होता. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले.

मोठ्या शहरात प्रशासकराजवटीची ओरड तरी होते. वृत्तपत्रे आहेत, नागरिकांच्या संघटना आहेत. लहान गावात गटार तुंबले तर माणूस ओळखीच्या नगरसेवकाचे दार ठोठावतो. ते दारच चार वर्षे नव्हते. पर्यटकांचा ओघ मात्र थांबला नव्हता. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर येणारा पाहुणा बाटल्या-पिशव्या मागे ठेवून जातो आणि त्या उचलण्याचा खर्च साडेबारा हजार लोकांच्या घरपट्टीतून भागवावा लागतो. अनुदान ठरवताना लोकसंख्या मोजली जाते, सुट्टीत येणारे पाहुणे मोजले जात नाहीत. नव्या सभागृहाला शासनाकडे पहिली मागणी करायची असेल, तर ती हा हिशेब बदलण्याची असावी.