रंगावरून ठेवलेली नावे

खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद अमेरिका, युरोप आणि जपान येथे चांगलाच रुजला आहे. या छंदात मानाचे पान अॅक्रोपोरा या शाखायुक्त प्रवाळाला मिळते, आणि त्यातही ‘खोल पाण्यातील अॅक्रोपोरा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नाजूक जातींसाठी शौकीन मंडळी वाटेल तो दाम मोजतात. विक्रेता बोटभर फांदी निळ्या दिव्याखाली मांडतो, तिला आगीचे, बर्फाचे किंवा इंद्रधनुष्याचे नाव देतो आणि ग्राहक ते नाव घेऊन घरी जातो. काही आठवड्यांत रंग उडतो; कधी तर एका रात्रीत मांस गळून पांढरा सांगाडा उरतो. मग पाण्याला दोष दिला जातो, दिव्याला दिला जातो, नशिबालाही दिला जातो. पुष्कळदा खरा दोष त्या नावाचा असतो, असे आमचे म्हणणे आहे.

येथे ‘खोल’ म्हणजे काळोखा महासागर नव्हे. साधारणतः १५ ते ४० मीटरचा हा पट्टा. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर बुडालेले, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरविणारे आंग्रिया बँक हे प्रवाळक्षेत्र विसाव्या मीटरच्या आसपास सुरू होते. इतक्या खोलीवर सूर्य पोचतो, पण तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला गेलेला असतो. उरतो तो मंद निळा उजेड. लाटांचा मारही तेथवर जाणवत नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसतात, तेव्हा तुटपुंजा उजेड टिपण्यासाठी फांद्या बारीक, विरळ आणि आडव्या पसरलेल्या असतात. ही ठेवण शोभेसाठी नाही. तो त्या प्राण्याचा पत्ता आहे.

हा पत्ता वाचायचा कसा? अॅक्रोपोरा या नावातच त्याची किल्ली आहे. ग्रीक भाषेत ‘अॅक्रॉन’ म्हणजे टोक. प्रत्येक फांदीच्या टोकाशी एका पॉलिपाचा चुनखडी पेला असतो, आणि त्या अग्रपेल्याची लांबी, वाक, जाडी व त्याच्या भोवतीच्या लहान पेल्यांची रचना यांवरून जात ओळखायची असते. ऑस्ट्रेलियन संशोधक कार्डन वॉलेस यांनी १९९९ साली शंभराहून अधिक जातींचा जो ग्रंथ सिद्ध केला तो सांगाड्यांच्या अशाच तपासणीतून. त्यांनीच वर्णिलेली जॅकेलिनी ही जात घ्या. तिचे सपाट ताट वरून पाहिले की नाजूक वाकलेल्या अग्रपेल्यांची दाटी शेवाळासारखी भासते आणि बाजूचे पेले क्वचितच दिसतात. एकिनाटा व सबग्लाब्रा या दोन्ही जाती बाटली धुण्याच्या ब्रशासारख्या वाढतात; पण पहिलीच्या नावाचा अर्थ ‘काटेरी’ आणि दुसरीच्या नावाचा ‘जवळजवळ गुळगुळीत’. नाव ठेवणाऱ्याने भेद तेथेच लिहून ठेवला. जाहिरातीतल्या ‘आगी’ने काय लिहून ठेवले?

अर्थात शास्त्रज्ञांची नावेही अढळ नाहीत. ग्रेट बॅरियर रीफवर ज्या जातीला वर्षानुवर्षे टेनुइस म्हटले गेले ती निराळी ठरून २०२३ साली केंटी झाली. पण ही दुरुस्ती होऊ शकली ती नमुना आणि त्याचे ठिकाण जपून ठेवले होते म्हणून. रंगाची दुरुस्ती कशाच्या आधारे करणार? तोच प्रवाळ दिवा बदलला की रंग बदलतो, आणि टाकीत वाढता वाढता फांद्यांची ठेवणही बदलतो.

आता संगोपनाकडे वळू. पाण्याचे गणित बहुतेक सर्वांना पाठ असते : २५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान, हजारी ३५ भाग खारटपणा, लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम. यात उथळ आणि खोल असा फारसा भेद नाही. भेद आहे उजेडाचा. उथळ पाण्यातील जातींना ज्या मापाचे ३०० एकक वा अधिक प्रकाश मानवतो, त्याच मापाने खोल पाण्यातल्या नव्या फांदीला १०० ते १५० वर ठेवून आठवड्यागणिक सावकाश वाढवावे लागते. एकदम भर उजेड पडला की शैवले प्रवाळाला तारण्याऐवजी जाळतात आणि ती बाहेर टाकून प्रवाळ पांढरा पडतो. प्रवाहही थेट झोताचा नको, दिशा बदलणारा हवा. शिवाय अॅक्रोपोरावरच जगणारा एक चपटा कृमी आहे, ज्याला २०११ साली कोठे शास्त्रीय नाव मिळाले. तो प्रवाळाच्याच रंगात दडतो, म्हणून नवी फांदी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणेच शहाणपणाचे.

हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न असता तर या स्तंभात त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु जॅकेलिनी, लोकानी आणि स्पेसिओसा या जातींना अमेरिकेने २०१४ साली संकटग्रस्त ठरविले आहे. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्याने चालतो. पण अॅक्रोपोरा ओळखणे इतके अवघड की परवान्यावर नुसते प्रजातीचे नाव लिहिले तरी चालते. म्हणजे कागदावर ‘अॅक्रोपोरा’, दुकानात ‘आग’, आणि मधल्या मध्ये विरळ जात कोणती व किती गेली याचा हिशेब कोणापाशीच नाही. भारतात रीफ बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा किनाऱ्यावरून फांदी आणून टाकीत लावण्याचा विचार कोणी करू नये.

इंडोनेशियाने २०१८ साली प्रवाळांची निर्यात थांबविली होती. पुढे लागवडीच्या मालापुरती ती पुन्हा सुरू झाली. यावर काहींचे म्हणणे असे की, आता शेतातली फांदी येणार, तेव्हा खोलीची नोंद कशाला? उलट आता ती अधिक हवी. लागवडीच्या चौकटी सहसा उथळ पाण्यात असतात. खोल पाण्यातली जात तेथे वाढली तर तिचे रूपही फसवे आणि तिला उजेडाची सवयही निराळी. फांदीसोबत तीन ओळींची चिठ्ठी पुरे : मूळ वसाहत कोणत्या बेटाजवळून, किती मीटरांवरून घेतली, शेतात किती खोलीवर, किती महिने वाढली, आणि शास्त्रीय नाव, खात्री नसल्यास प्रश्नचिन्हासह. निर्यातदाराला यासाठी खर्च शाईचाच. चिठ्ठी नसेल तर घेणार नाही, असे ग्राहकांनी सांगायला सुरुवात केली, तर ती लिहिली जाऊ लागेल.

आणि फांदी मेलीच तर ती कचऱ्यात टाकू नये. ब्लीचच्या पाण्यात बुडवून मांस काढावे, धुऊन वाळवावी आणि तीच चिठ्ठी बांधून डब्यात ठेवावी. दहा रुपयांच्या भिंगाखाली अग्रपेला तेव्हाच नीट दिसतो.