समान दर, असमान भार

अंदाजपत्रकाचे दिवस जवळ आले की प्राप्तिकर चढत्या दराने घ्यावा की सर्वांकडून एकाच दराने, हा वाद नव्याने सुरू होतो. एकाच दराचे पुरस्कर्ते बहुधा छोट्या उद्योजकाचा कैवार घेऊन बोलतात. अधिक मिळवणाऱ्यावर अधिक दर लावणे म्हणजे उद्यमशीलतेला दंड करणे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याची परीक्षा मुंबईत न करता परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावी केलेली बरी.

चढत्या दरांचा अतिरेक भारताने अनुभवला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 1973-74 मध्ये अधिभारासह कमाल दर 97.75 टक्के होता. वरच्या टप्प्यात शंभरातले सव्वादोन रुपयेच हाती उरत असतील, तर उत्पन्न दडवण्याचा मोह बळावणारच. वांछू समितीने 1971 मध्येच दर उतरवण्याची शिफारस केली होती. पुढे कमाल दर 1985 मध्ये 50 आणि 1997 मध्ये 30 टक्क्यांवर आला. परंतु दर माफक करणे वेगळे आणि सर्वांना एकाच मापाने मोजणे वेगळे.

2025-26 साठीच्या नव्या करप्रणालीत, उपकर वगळता, 24 लाखांच्या करपात्र उत्पन्नावर 3 लाख, म्हणजे साडेबारा टक्के कर बसतो. सहा लाखांवर काहीच द्यावे लागत नाही. हाच साडेबारा टक्के दर सरसकट लावला, तर सहा लाखवाल्या लिपिकावर 75 हजारांचा बोजा पडेल आणि 24 लाखवाल्याचा एक रुपयाही वाढणार नाही. करमुक्त मर्यादा कायम ठेवूनही तेवढाच महसूल हवा असेल, तर वरच्यांचे उतरलेले ओझे मधल्यांच्या खांद्यावर येते.

सपाट कराचा नमुना महाराष्ट्रात आहेच. रोजगार हमी योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर सुरू झाला. हेतू उदात्त होता. पण राज्यघटनेने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. त्यामुळे दरमहा 15 हजार मिळवणारा पुरुष कर्मचारी आणि दोन लाख मिळवणारा अधिकारी सारखीच रक्कम भरतात. पहिल्याच्या उत्पन्नात तिचा वाटा सुमारे 1.4 टक्के, तर दुसऱ्याच्या उत्पन्नात 0.1 टक्का. रक्कम समान, भार मात्र तेरापटीहून अधिक!

आता पालमच्या उद्योजकाकडे वळू. तूर पिकवणाऱ्या या भागात एखाद्या तरुणाने डाळमिल काढली, तर पहिली काही वर्षे करपात्र नफाच बेताचा असतो. जिथे कर लागूच होत नाही, तिथे दर उतरवून काय साधणार? त्याची अडचण खेळते भांडवल, तारण, वीज आणि थकलेली येणी ही आहे. 2019 च्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण प्रकल्पांना 25 ते 35 टक्के अनुदानाची तरतूद आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे फार तर 45 दिवसांत न चुकवणाऱ्या खरेदीदाराला, ते चुकते करीपर्यंत, त्या खर्चाची वजावट मिळू नये, अशी तरतूद 2023 च्या वित्त कायद्याने केली. उलाढालीवरून नफा गृहीत धरण्याची सोयही छोट्यांना आहे. उद्योजकाला खरा आधार अशा उपायांचा आहे.

कर सोपा असावा, ही मागणी रास्तच आहे. परंतु गुंतागुंत टप्प्यांमुळे होत नाही, सवलती आणि अपवादांच्या जंजाळामुळे होते. टप्प्यांचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. 2001 मध्ये 13 टक्क्यांचा एकच दर स्वीकारणाऱ्या रशियानेही 2021 मध्ये वरचा दर आणला आणि 2025 पासून पाच टप्पे केले.

तेव्हा दर माफक असावेत, अपवाद मोजके असावेत. पण चढण मोडू नये. वरच्या टप्प्यातून येणाऱ्या पैशातूनच तालुक्याच्या गावातील नवउद्योजकाला भांडवल देता येते. त्याच्या नावाने मागितलेली सवलत त्याच्या दारापर्यंत पोचतच नसेल, तर ती कोणासाठी मागितली जात आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे.