लाभार्थी नव्हे, शेतकरी!



स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत 'लाभार्थी महिला' हा शब्द पानोपानी भेटतो. २०२५ चा खरीप हंगाम मी लातूर जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या सामुदायिक शेतावर राहून काम केले. तेव्हापासून या शब्दाचा मला संताप येतो.

पाच एकर काळी जमीन, संस्थेने खंडाने घेतलेली. राबणाऱ्या अठरा बायका: विधवा, परित्यक्ता, बहुतेक दलित आणि भूमिहीन. त्या वर्षी मे महिन्यातच धो धो पाऊस झाला. आजूबाजूला पेरणीची घाई सुरू झाली, पण 'हा पाऊस खरा नव्हे' म्हणून या थांबल्या. नुसते सोयाबीन नको, तुरीत मूग-उडीद घ्या, बांधाला अंबाडी लावा, हेही त्यांनीच ठरवले. बी त्यांनी राखेत घोळून मडक्यात जपलेले. ज्ञान त्यांचे, घाम त्यांचा. मग लाभ कोणी कोणाला दिला?

ऑगस्टमध्ये पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा त्यांनी हाती लागतील तेवढ्या मूग-उडदाच्या शेंगा तोडून आणल्या. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन कुजले, तूर उभ्या उभ्या सुकली. पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न आला, 'सातबारा कुणाचा?' नुकसानभरपाई जमीनमालकाच्या खात्यात गेली. खंडाचे पैसे त्याने आधीच घेतले होते. खंड तोंडी होता. कागद केला तर कूळ लागेल, ही भीती मालकाला असतेच. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही आणि भरपाईही नाही.

हा झाला सरकारी अन्याय. संस्थेत काय झाले? हंगामाच्या हिशेबात बायकांचे चार महिन्यांचे कष्ट 'श्रमदान' या रकान्यात दाखवले गेले. हिशेब ठरवणाऱ्या समितीत शेतात राबणारी एकही बाई नव्हती. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'त्यांना प्रशिक्षण मिळाले, हे काय कमी आहे?' सातव्या वर्षी खुरपे हाती घेतलेल्या बाईला कसले प्रशिक्षण? दान तर ज्याच्याकडे काही आहे तो करतो. या बायकांनी एका दिवसाची मजुरी बुडवली तर त्यांच्या घरी चूल पेटत नाही.

नवरा म्हणतो, 'शेत आपलेच आहे.' संस्थाही म्हणते, 'शेत आपलेच आहे.' दोन्हीकडे कागद दुसऱ्याचा. पितृसत्ता फक्त घरात राहत नाही. ती संस्थेच्या कार्यालयातही खुर्ची टाकून बसते.

२०२२-२३ च्या सरकारी श्रमबल पाहणीनुसार ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७६ शेतीत आहेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेत मात्र देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने खंडकरी, बटईदार आणि शेतमजूर यांनाही शेतकरी म्हटले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये मात्र जमीनधारक कुटुंबालाच. म्हणजे व्याख्या एकीकडे आणि पैसा दुसरीकडे!

आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे चांदवडचे अधिवेशन १९८६ सालचे. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन केली. शेतकरी पुरुषांना जे सुचले, ते स्त्रीमुक्तीची भाषा बोलणाऱ्या संस्थांना का सुचू नये?

'बायकांच्या हाती व्यवहार दिला तर भांडणे होतील,' असे सांगितले जाते. पुरुषांच्या सोसायट्यांत भांडणे होत नाहीत काय? म्हणून कोणी त्यांच्या सह्या काढून घेतल्या?

आपल्या मागण्या साध्या आहेत. संस्थेने खंडाचा करार लेखी करावा आणि तो राबणाऱ्या बायकांच्या गटाच्या नावे असावा. प्रत्येक दिवसाच्या कामाचे दाम हिशेबात धरावे. समितीत निम्म्याहून अधिक जागा त्यांच्या असाव्यात. शासनाने खंडकरी बाईची नोंद घ्यावी आणि पीक ज्याचे, भरपाई त्याला द्यावी.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केले. डोक्यावर भारा घेतलेल्या हसऱ्या बाईची पोस्टर्स त्यासाठी पुष्कळ छापता येतील. आपण मात्र प्रत्येक पोस्टरखाली विचारायचे: हिचे नाव कोणत्या कागदावर आहे?